टाकीला पडलेला पोचा

रात्री सव्वादहाच्या सुमारास एक पिकअप कॅज्युअल्टीच्या दारात येऊन लागली. मागच्या हौद्यात उसाच्या वाढ्यावर एक माणूस आडवा झोपवलेला. उजव्या पायाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांची उसाची कांडी लावून वरून टॉवेल गुंडाळलेला, आणि टॉवेल रक्तानं जड झालेला. गळीत हंगाम जोरात होता. पंक्चर झालेली उसाची ट्रॉली अर्ध्या रस्त्यात उभी, मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. साडेनऊच्या आसपास मोटरसायकल मागून तिच्यावर जाऊन आदळली होती.

हे प्रकरण रुग्णाच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. गाव, रुग्णालयाचं नाव आणि तारखा दिलेल्या नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी साखरपट्ट्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात हाडांचा डॉक्टर आहे. आमच्याकडे ऑपरेशन थिएटर आहे, एक्स-रे आहे, रक्त साठवण केंद्र आहे. अतिदक्षता विभाग नाही, प्लास्टिक सर्जन नाही, सीटी स्कॅन रात्री चालत नाही. मोठं रुग्णालय तिथून सत्तर किलोमीटरवर. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत चित्र थोडंफार असंच असतं, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडावासा वाटतो. वाचणारे डॉक्टर असोत, सिस्टर असोत की अपघात पाहून गाडी थांबवणारा एखादा वाटसरू, प्रत्येकाच्या हाती यात काहीतरी करण्यासारखं होतं.

रुग्ण चौतीस वर्षांचा, वजन साधारण साठ किलो. डोक्यावर हेल्मेट होतं, आणि पुढचं सगळं शक्य झालं ते त्यामुळेच. शुद्धीवर होता, बोलत होता. स्ट्रेचर आत येताच त्यानं पहिलं वाक्य विचारलं, "साहेब, पाय ऱ्हाईल ना माझा?"

टॉवेल सोडला तेव्हा नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं दिसलं. जखमेत माती, पाचटाचे तुकडे. मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय, सिस्टर, दारात जमलेले नातेवाईक, रात्रपाळीच्या मेडिकल ऑफिसर मॅडम, सगळ्यांची नजर तिथंच खिळली. माझीसुद्धा. हाडांच्या डॉक्टरला मोडलेलं हाड दिसलं की हात आपोआप तिकडे जातात. पण मॅडमनी त्याच वेळी आकडे सांगितले: नाडी १२८, बीपी ९२/६४, श्वास मिनिटाला २६, हात थंड आणि घामानं ओले. कपाळावर बोट दाबून सोडलं तर रंग परतायला चार सेकंद लागत होते.

नाडीला वरच्या बीपीनं भागलं तर १.३९ येतात. हा भागाकार निरोगी माणसात ०.५ ते ०.७ च्या घरात असतो आणि एकच्या वर गेला की जोरात धोक्याची घंटा वाजायला हवी. तरुण माणसाचं शरीर रक्तस्राव खूप वेळ झाकून ठेवतं, शिरा आवळतं, नाडी पळवतं. बीपी उतरतं तोवर साधारण तीस टक्के रक्त गेलेलं असतं. साठ किलोच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त. त्याचे तीस टक्के म्हणजे सव्वा लिटरहून जास्त.

नडगीच्या मोडीतून इतकं रक्त सहसा जात नाही. अर्धा लिटर, फार तर पाऊण. टॉवेलात आणि वाढ्यावर सांडलेलं धरलं तरी हिशेब जुळत नव्हता.

रक्त गेलं कुठं

जखमी माणसाला ठरलेल्या क्रमानं तपासायचं, ही शिस्त आज जगभर शिकवली जाते. आधी श्वासमार्ग आणि मान, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदू, मग कपडे काढून अंगभर नजर, आणि हे करताना अंग गार पडू द्यायचं नाही. ही शिस्त एका हाडांच्या डॉक्टरच्याच दुःखातून जन्मली, हे फारसं सांगितलं जात नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये जेम्स स्टायनर यांचं छोटं विमान अमेरिकेतल्या नेब्रास्कात शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी झाली. गावातल्या रुग्णालयात मुलांवर ज्या पद्धतीनं उपचार झाले ते पाहून त्यांनी ठरवलं की शेतात, हाताशी तुटपुंजं सामान असताना, मी यापेक्षा चांगले उपचार करू शकलो होतो, तर व्यवस्थाच बदलायला हवी. १९७८ मध्ये तिथं पहिला अभ्यासक्रम झाला, आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं तो स्वीकारला. छोट्या गावातलं छोटं रुग्णालय आणि रात्रीची वेळ, ही त्या शिस्तीची जन्मभूमी आहे. म्हणून ती आमच्यासारख्यांसाठी आहे, फक्त शहरांसाठी नाही.

आमच्या रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा होता, तो बोलत होता. मानेला कॉलर घातली. छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलत होती, हवा सारखी जात होती, ऑक्सिजन सुरू केला. पायावर स्वच्छ गॉजचा घट्ट दाब देऊन सिस्टरनी पट्टी बांधली. दोन मिनिटांत बाहेरचा रक्तस्राव थांबला. नाडी मात्र १३० वर गेली.

रक्त पाच जागी जातं: जमिनीवर, छातीत, पोटात, पेल्विसमध्ये म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्यात, आणि मांडीत. जमिनीवरचं थांबलं होतं. छाती ठीक वाटत होती. मांड्या मऊ. उरलं पोट आणि पेल्विस.

इथं मला पिकअपच्या ड्रायव्हरनं वाचवलं. तो दाराशी उभा होता, अंगावरचा शर्ट रक्तानं माखलेला, आणि निघायच्या घाईत. पोलीस येतील, नाव लिहितील, चकरा मारायला लावतील, ही भीती तोंडावर स्पष्ट. मी त्याला विचारलं, "दादा, गाडी कशी पडली होती? हा गाडीवरून उडाला की गाडीवरच होता?" त्यानं मोबाईल काढून फोटो दाखवला. "ओळख पटवायला काढला होता साहेब." फोटोत मोटरसायकल ट्रॉलीखाली तिरकी घुसलेली. आणि पेट्रोलच्या टाकीला, सीटच्या बाजूनं, हाताची ओंजळ बसेल एवढा पोचा.

मोटरसायकल समोरून आदळते तेव्हा गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो पुढं सरकतो आणि दोन मांड्यांच्या मधे टाकी येते. टाकी पाचरीसारखी काम करते. पुढच्या बाजूला जिथं पेल्विसची दोन्ही हाडं मिळतात तो सांधा फाटतो आणि कडं पुस्तकासारखं उघडतं. आतल्या शिरांचं जाळं फाटतं, हाडांच्या मोडलेल्या टोकांतून रक्त झिरपतं, आणि उघडलेल्या कड्यात जागा वाढल्यामुळे रक्त साठायला वाव मिळतो. दोन लिटर, तीन लिटर, बाहेर एक थेंब न दिसता. त्या पोच्यानं मला जे सांगितलं ते पायातल्या हाडानं सांगितलं नसतं.

ड्रायव्हरला मी थांबवून घेतलं नाही. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद आम्ही केली, पोलिसांना कळवलं, आणि त्याला सांगितलं की नाव-पत्ता द्यायचा की नाही हे तुझ्या मर्जीवर आहे, कुणी सक्ती करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे कागद गावागावांत पोहोचलेले नाहीत. लोक आजही जखमीला उचलायला कचरतात ते निर्दय म्हणून नाही, घाबरून. त्यानं शेवटी स्वतःहून नाव लिहून दिलं.

चादर

पेल्विस मोडलं आहे का हे बघायला दोन्ही बाजूंनी दाबून-उघडून पाहण्याची जुनी सवय अजून सुटलेली नाही. ती सोडायला हवी. जमलेली रक्ताची गाठ त्या एका झटक्यात सुटते. शंका आली की आधी बांधायचं, तपासणी नंतर.

बाजारात पेल्विक बाइंडर नावाचा पट्टा मिळतो. आमच्याकडे नव्हता. होती रुग्णालयाची हिरवी चादर. मामांनी ती झटकन कमरेला गुंडाळायला घेतली, जिथं आपण पट्टा बांधतो तिथं. बहुतेक जण तसंच करतात आणि तिथंच चुकतं. पोटावर बांधलेली चादर कड्याला मिटवत नाही, उलट कधी कधी खालचा भाग आणखी उघडते. चादर जायला हवी खुब्याच्या पातळीवर. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूनं एक कठीण उंचवटा हाताला लागतो, उभं राहून पँटच्या खिशात हात घातला की तळव्याखाली येतो तोच. चादरीचा मध्य बरोबर त्यावर.

आम्ही चादर फूटभर रुंदीची घडी केली. गुडघ्यांखालच्या पोकळीतून सरकवली आणि अलगद वर ओढत नेली, रुग्णाला कुशीवर न वळवता. समोर टोकं एकमेकांवरून फिरवली. मामा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दोघांनी एकाच वेळी ओढून धरलं. गाठ मारली तर ताण सैल पडतो, म्हणून पीळ देऊन चार आर्टरी फोर्सेप्सनी चिमटे लावले. मग दोन्ही गुडघे एकत्र बांधले. जखमी पायाला धक्का लागू नये म्हणून पंजे आठाच्या आकड्यात हलकेच जोडून आत वळवून ठेवले. सगळ्याला तीन मिनिटं लागली असतील.

दहा मिनिटांनी नाडी ११६.

तेवढ्यात रक्त साठवण केंद्रातून बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या आल्या. सलाईन आम्ही एकच लिटर दिलं, तेही कोमट करून. या बाबतीत माझं मत ठाम आहे. रक्त वाहत असताना तीन-चार बाटल्या सलाईन धडाधड सोडून बीपी १२० वर आणण्यात समाधान वाटतं, पण त्यानं रक्त पातळ होतं, अंग गार पडतं, गोठण्याची क्रिया बिघडते आणि जमलेली गाठ वाढलेल्या दाबानं उडते. डोक्याला मार नसेल तर वरचं बीपी ८० ते ९० च्या आसपास, मनगटाची नाडी लागेल आणि माणूस बोलेल एवढं पुरतं, रक्तस्राव ताब्यात येईपर्यंत. डोक्याला मार असेल तर हा नियम लागू नाही, मेंदूला दाब लागतो. हेल्मेटमुळे आम्हाला ही मुभा मिळाली, असं मी वर म्हटलं ते यासाठी. दुसऱ्या पिशवीबरोबर कॅल्शियम दिलं, कारण साठवलेलं रक्त गोठू नये म्हणून त्यात घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं.

त्याआधीच, दहा चाळीसला, ट्रॅनेक्सॅमिक आम्ल एक ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून, आणि पुढचं एक ग्रॅम आठ तासांत जाईल असं लावून. पाळीतल्या जास्त रक्तस्रावासाठी वापरतात तेच हे औषध, स्वस्त आणि प्रत्येक रुग्णालयात असणारं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या अभ्यासात ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांमधले २०,२११ जखमी होते, भारतातलेही होते. मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ वर आलं. पण तीन तासांच्या आत द्यायला हवं. उशिरा दिलं तर उपयोग तर नाहीच, अपाय दिसला. रेफर करून मोकळं होण्याच्या घाईत हे इंजेक्शन राहून जातं आणि मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत तीन तास उलटलेले असतात. ते आपल्याच कॅज्युअल्टीत द्यायचं औषध आहे.

पोटाची सोनोग्राफी हवी होती. गर्भलिंग निदानाविरोधातल्या कायद्यामुळे यंत्राची नोंदणी ठरलेल्या जागेची आणि ठरलेल्या डॉक्टरांची असते, म्हणून ते कॅज्युअल्टीत ठेवून कुणीही वापरावं असं होत नाही. कायदा ज्या कारणासाठी आला ते कारण मला पूर्ण मान्य आहे. तरी अपघाताच्या रात्री रेडिओलॉजिस्ट घरून येईपर्यंतची ती वीस मिनिटं फार लांब असतात. पोटात रक्त नव्हतं. मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त नाही ना हे पाहूनच लघवीची नळी घातली, कारण अशा मोडीत मूत्रनलिकाही फाटलेली असू शकते आणि जोर लावून घातलेली नळी अर्धवट फाटलेली पूर्ण फाडते. लघवी स्वच्छ आली.

मग पेल्विसचा एक्स-रे. आणि इथं प्रकरण पुन्हा उलटं फिरता फिरता राहिलं. एक्स-रे जवळजवळ सरळ दिसत होता. पुढच्या सांध्यात फट नेहमीपेक्षा किंचित जास्त, बस्स. एक्स-रे टेबलापाशी कुणीतरी म्हणालं, "सर, पेल्विस ठीक आहे. चादर काढू?" नाही. चादर नीट बसली आहे म्हणूनच एक्स-रे ठीक दिसतो आहे. मिटवलेलं पुस्तक मिटलेलंच दिसणार. रेफरच्या कागदावर मी लाल शाईनं लिहिलं: चादर लावून काढलेला एक्स-रे, सर्जनशिवाय चादर सोडू नये.

आता पाय

रुग्ण पुन्हा पुन्हा पायाबद्दलच विचारत होता. त्याला मी खरं तेच सांगितलं, "आधी तुला सांभाळतोय. पाय विसरलेलो नाही."

पायाचा पंजा बाहेर वळलेला आणि पांढरट, वरची नाडी लागत नव्हती. केटामाइनचे थोडे डोस दिले. या औषधानं दुखणं थांबतं आणि बीपी पडत नाही, त्यामुळे अशा वेळी ते मला सर्वांत विश्वासाचं वाटतं. टाच धरून सावकाश, सलग ओढत पाय सरळ रेषेत आणला. पंजाचा रंग परतला, बोटाखाली नाडी लागली. त्या क्षणी सिस्टरनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

जखमेचा एक फोटो काढला आणि वरचं पाचट तेवढं चिमट्यानं उचललं. कॅज्युअल्टीत जखम धुण्याचा घाट घातला नाही, ते काम थिएटरचं. ओल्या सलाईनच्या गॉजनं झाकून वरून पट्टी आणि मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टरची पाटी. फोटो अशासाठी की पुढं जो तो झाकण उघडून बघत बसू नये, दर उघडण्यात जंतू आत जातात. सेफाझोलिन दोन ग्रॅम पहिल्या पंधरा मिनिटांतच गेलं होतं. उघड्या मोडीत प्रतिजैविक तासाच्या आत जाणं हे जंतुसंसर्ग टाळण्यातलं फार मोठं काम आहे, आणि त्याला सर्जन लागत नाही. शेतातली माती होती म्हणून जेंटामायसिन आणि मेट्रोनिडॅझोल जोडलं. धनुर्वाताची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दिलं.

उघड्या मोडीची प्रतवारी गस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ मध्ये मांडली, ती आम्ही सगळे वापरतो. पण तिचा आकडा कॅज्युअल्टीच्या कागदावर लिहायची घाई मी करत नाही. तो खरा ठरतो थिएटरमध्ये, जखम उघडून मेलेला भाग काढल्यावर. मी लिहिलं: नडगीचा मधला भाग, जखम अकरा सेंटीमीटर, हाड उघडं, मातीनं माखलेलं, सरळ केल्यावर नाडी लागते.

सत्तर किलोमीटर

मोडलेली नडगी आम्ही इथंही केली असती. पेल्विसमधलं रक्त पुन्हा सुटलं तर त्याला थांबवायची सोय आमच्याकडे नव्हती. बीपी ९८ वर स्थिरावल्यावर बारा वाजता १०८ च्या गाडीतून त्याला पाठवलं. त्याआधी फोन. नुसतं "पाठवतोय" असं सांगितलं नाही. काय झालं, काय दिलं, किती वाजता दिलं, काय हवं आहे, हे सगळं तिथल्या हाडांच्या विभागातल्या सहकाऱ्याला सांगितलं. त्यानं पिशव्यांची तयारी ठेवली. मॅडम स्वतः गाडीत बसल्या, दोन ब्लँकेटं आणि एक पिशवी रक्त बरोबर घेऊन.

रुग्णाची पत्नी पैशांच्या काळजीत होती. केंद्र सरकारनं मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी विनारोख उपचारांची योजना अधिसूचित केली आहे, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार, नेमून दिलेल्या रुग्णालयांत. मी तिला तेवढंच सांगितलं की वहिनी, आज रात्री पैशांवरून कुणी अडवणार नाही, तुम्ही आधार कार्ड घेऊन बसा.

पुढचं सहकाऱ्याच्या फोनवरून आणि डिस्चार्जच्या कागदांवरून. पहाटे तीनला थिएटर. पेल्विसला पुढून बाहेरची चौकट बसवली आणि मगच चादर सोडली. सोडताना कडं तीन बोटं उघडलं. नऊ लिटर सलाईननं पाय धुतला, मेलेलं काढलं, नडगीलाही बाहेरून सळया. बस, एवढंच. त्या रात्री रॉड, प्लेट, काही नाही. रक्त गेलेल्या, गार पडलेल्या शरीरावर लांबलचक ऑपरेशन लादलं तर हाड सुंदर जुळतं आणि माणूस जातो.

दुसऱ्या रात्री पोटरी दुखायला लागली. दोनदा इंजेक्शन झालं, तरी तो ओरडत होता. वॉर्डात कुणी म्हणालं, "थोडं सोसत नाही याला." सहकारी उठून गेला, पायाचा अंगठा हळूच वर केला आणि रुग्ण किंचाळला. पोटरी लाकडासारखी टणक. नाडी लागत होती. नाडी लागते म्हणून सगळं ठीक, असं मानून या टप्प्यावर पाय गेलेले मी पाहिले आहेत. पोटरीचे स्नायू चार कप्प्यांत, न ताणणाऱ्या आवरणात बंद असतात. आत सूज वाढली की आधी बारीक केशवाहिन्या दबतात, स्नायू गुदमरतात. मोठ्या धमनीची नाडी जायला खूप उशीर लागतो, आणि ती जाते तेव्हा स्नायू मेलेला असतो. जखम उघडी आहे म्हणजे दाब मोकळा झाला, हाही गैरसमज, कारण जखमेनं सगळे कप्पे उघडत नाहीत. मोडीच्या मानानं जास्त दुखणं आणि बोट ताणल्यावर असह्य होणं, या दोन गोष्टींवर त्यानं निर्णय घेतला. तासाभरात दोन लांब छेद घेऊन चारही कप्पे मोकळे केले. सहा तासांहून उशीर झाला असता तर तो स्नायू परत आला नसता.

पाचव्या दिवशी पेल्विसच्या पुढच्या सांध्यावर प्लेट. सहाव्या दिवशी प्लास्टिक सर्जन आणि हाडांचा सर्जन एकाच टेबलावर: नडगीत रॉड टाकला आणि पोटरीतला स्नायू फिरवून उघड्या हाडावर पांघरला.

आणि तिसऱ्या दिवशी, सगळं अंग पुन्हा नखशिखांत तपासताना, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर तो कळवळला. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं होतं. हँडल घट्ट धरून धडकलेल्या माणसाचं मनगट मी दाबून पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही. त्या रात्री जीव वाचवणं पुढं होतं हे खरं, पण रेफरच्या कागदावर "दुय्यम तपासणी बाकी" एवढं लिहिता आलं असतं. हे हाड वेळेत कळलं नाही तर जुळत नाही आणि माणसाचा हात आयुष्यभर दुखतो. आता मी ते लिहितो.

घरी गेल्यावर

साडेतीन आठवड्यांनी तो घरी आला आणि ड्रेसिंगला आमच्या ओपीडीत यायला लागला. वडील बरोबर असत. एक दिवस त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "साहेब, वरनं पाला बांधला तर हाड लवकर धरंल का? आमच्या पाव्हण्याचा हात वैद्यानंच बसवला."

असे प्रश्न झिडकारायचे नाहीत. हाडवैद्यांकडे लोक जातात ते विश्वासानं आणि जवळिकीनं, आणि साध्या, बंद मोडी त्यांच्या हातून बऱ्या होतातही. पण घट्ट बांधलेल्या बांबूच्या कांबींखाली काळा पडलेला लहान मुलाचा हात मी कोपराखाली कापलेला आहे, ते विसरता येत नाही. मी म्हातारबांना म्हणालो, "काका, वैद्यांना फोन लावा, मी बोलतो." त्यांनी खरोखर लावला. पलीकडून वैद्य म्हणाले, "रॉडच्या पायाला मी हात लावत न्हाई डॉक्टर, तुम्हीच बघा." त्यानंतर पाल्याचा विषय निघाला नाही. घरच्यांना मी बांधायच्या कुठल्याही गोष्टीचा एकच नियम शिकवला: बोटं गार, निळी, बधिर किंवा हलवताना असह्य झाली की रात्र असो की दिवस, आधी पट्टी कापायची आणि मग रुग्णालय गाठायचं.

नडगी सावकाश जुळली, दहा महिने लागले. मनगट प्लास्टरमध्ये जुळलं. तो वॉकरवरून काठीवर आला, काठीही हळूहळू सुटली.

अकराव्या महिन्यात आला तेव्हा पत्नीला औषधं आणायला खिडकीवर पाठवलं आणि दार लोटून घेऊन बसला. बराच वेळ एक्स-रेच्या पाकिटाची कडा बोटानं घासत राहिला. मग म्हणाला, "साहेब, हाड जुळलं. पण घरात... नवरा-बायकोचं... काही होत न्हाई. कुणाला इचारू?"

पेल्विस अशा रीतीनं उघडतं तेव्हा तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्याही ताणतात, तुटतात. लैंगिक अडचण हा या इजेचा माहीत असलेला परिणाम आहे, आणि बऱ्याच जणांत तो उपचारांनी सुधारतो. अकरा महिने मी दर खेपेला त्याचं चालणं पाहिलं, पायाची लांबी मोजली, प्लेटचे स्क्रू मोजले. हा प्रश्न मीच पहिल्या दोन-तीन खेपांत विचारायला हवा होता, म्हणजे त्याला दार लोटावं लागलं नसतं. मी त्याला तसं सांगितलं. मूत्ररोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली, फोन केला, आणि पुढच्या वेळी वहिनींनाही बरोबर घेऊन बोलू का विचारलं. तो थोडा थांबला, म्हणाला, "घेऊन येतो."

पत्नी औषधांची पिशवी घेऊन आत आली. त्यानं केसपेपर घडी करून खिशात ठेवला, आणि दोघं बसस्टँडकडे चालत गेली.